दातेरी माशांसाठी असिस्ट हुक कसे बांधावेत

जिगिंग म्हणजे जिग हे माशाच्या आकाराचं जड धातूचं आमिष खोल सोडून वर-खाली खेचत मासे पकडणं. त्याला नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण तयार असिस्ट हुक घेतात. ट्रेव्हली, ग्रूपर, अँबरजॅक अशा माशांना ते पुरतात. मग कधीतरी सुरमई नाहीतर वाहू येतो, रॉडला जोराचा हिसका बसतो आणि पुढच्याच क्षणी सगळं हलकं होतं. जिग वर येते ती गळाशिवाय, किंवा येतच नाही. अशा वेळी पहिला विचार सुचतो तो आणखी जाड दोरी लावायचा. त्याने थोडा वेळ मिळतो, पण मासा मिळेलच असं नाही. त्याआधी माशाचे दात काय करतात आणि तो जिगला कुठे तोंड घालतो हे पाहायला हवं. ते एकदा कळलं की तार लावायची की दोरी, एक गळ की दोन, किती लांब, हे सगळं त्यावरूनच ठरवता येतं.

असिस्ट हुक डोक्याशी का असतो

असिस्ट हुक म्हणजे छोट्या दोरीवर किंवा तारेवर मोकळा लटकणारा गळ. तो जिगच्या शेपटीला नव्हे, तर लीडर (मुख्य दोरीच्या टोकाचा जाड, मजबूत तुकडा) जिथे बांधतो त्या टोकाला असतो. याचे तीन फायदे आहेत. बरेच शिकारी मासे भक्ष्याच्या डोक्यावर झडप घालतात, तिथे गळ आधीच हजर असतो. जिग तळाला टेकते तेव्हा गळ वर राहतो, त्यामुळे खडकात अडकण्याचं प्रमाण कमी होतं. तिसरा फायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोनशे-तीनशे ग्रॅमचं शिसं थेट गळाला जोडलेलं असेल, तर मासा डोकं झटकतो तेव्हा त्या वजनाच्या झोक्याने गळ उचकटून बाहेर येतो. गळ मोकळ्या दोरीवर असला की जिग बाजूला झुलत राहते आणि गळ जबड्यात टिकतो.

जोडणीचा क्रम असा ठेवा: लीडर सॉलिड रिंगला, म्हणजे फट नसलेल्या अखंड कडीला बांधायचा, असिस्ट हुकही त्याच सॉलिड रिंगमध्ये, आणि ती रिंग स्प्लिट रिंगने (किल्ल्यांच्या कडीसारखी उघडणारी कडी) जिगला जोडायची. लीडर स्प्लिट रिंगला कधीच बांधू नका, तिच्या फटीत गाठ सरकली की तिथेच चिरते. या क्रमाचा आणखी एक फायदा म्हणजे जिग बदलताना फक्त स्प्लिट रिंग उघडावी लागते, गाठ तशीच राहते.

आधी दात ओळखा

उष्ण समुद्रातले दातेरी मासे सगळे एका माळेचे मणी नाहीत. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि धारदार असतात, ते सरळ कापतात. वाहूचे दातही त्रिकोणी, एकमेकांना खेटून बसलेले आणि कडांना बारीक दाते असलेले. त्याचा जबडा मिटला की मधे सापडलेली दोरी कितीही जाड असो, तिचं काही खरं नसतं. बॅराकुडाचे दात सुळ्यांसारखे लांब आणि लहानमोठे असतात, ते भोसकतातही आणि कापतातही. या तिघांसाठी तार हवीच.

डॉगटूथ ट्यूनाचं तसं नाही. त्याचे दात मोठे आणि शंकूसारखे असतात. ते पकडायला आहेत, कापायला नाहीत. तिथे दोरी एका झटक्यात तुटत नाही, लांबलेल्या झुंजीत हळूहळू झिजते. त्यामुळे डॉगटूथसाठी चांगली जाड दोरी पुरते, आणि माझ्या मते तारेपेक्षा तीच बरी. हा मासा शंभर किलोच्या वर जाऊ शकतो आणि खालच्या खडकांकडे जीव खाऊन धावतो. तिथे क्रिंपच्या (तारेचं टोक धातूच्या नळीत दाबून केलेल्या जोडाच्या) दर्जावर अवलंबून राहण्यापेक्षा नीट बांधलेल्या दोरीवर माझा जास्त भरवसा आहे.

आता चावा कुठे पडतो ते पाहू. डॉगटूथ सहसा जिगचं डोकं धरतो. सुरमई आणि वाहू मात्र वेगाने येऊन भक्ष्याचा मागचा भाग छाटतात आणि मग वळून येऊन खातात. त्यामुळे ज्या जिगला फक्त डोक्याशी गळ आहे तिच्या शेपटीवर नुसते दातांचे ओरखडे उमटतात आणि मासा निसटतो. जिग वर आल्यावर तिच्या रंगावरचे ओरखडे बघायची सवय लावून घ्या. ते कुठे आहेत, सरळ आहेत की गोल खड्डे आहेत, यावरून खाली कोण फिरतंय आणि गळ कुठे हवा याचा अंदाज येतो.

तार कोणती

तीन प्रकार समोर येतील. एकेरी तार बारीक असून मजबूत असते. ७ नंबरची तार साधारण ०.४६ मिमी जाडीची आणि सुमारे ३० किलो ताकदीची, तर १२ नंबरची ०.७४ मिमी आणि जवळपास ८० किलोची. पण ती ताठ असते आणि एकदा पीळ पडून वाकली की त्या जागी तुटते. असिस्टसाठी मी ती टाळतो. लीडरपुढच्या तुकड्यासाठी मात्र ती उत्तम, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी सात पदरी तार. ती थोडी लवचीक असते, पण दातांनी एखादा पदर तुटला की तो कुरळा होऊन बाहेर येतो आणि हाताला टोचतो. प्लास्टिकचं आवरण असलेली तार दिसायला छान, पण दोन माशांत आवरण फाटतं, आत खारं पाणी साठतं आणि गंज नजरेआड वाढत जातो.

तिसरी एकोणपन्नास पदरी, म्हणजे सात-सात पदरांच्या सात लडी वळलेली. असिस्ट हुकसाठी हीच घ्या. ती दोरीइतकी मऊ नसते, पण गळ मोकळा हलतो आणि तार सहजासहजी मोडत नाही. मध्यम जिगसाठी ८० किलोच्या आसपासची, जड सामानासाठी १२५ किलो किंवा त्याहून वरची. लीडरच्या ताकदीपेक्षा असिस्टची ताकद नेहमी बरीच जास्त ठेवा, कारण सगळा चावा तिथेच पडतो आणि एकदोन पदर तुटणार हे धरूनच चालायचं असतं.

गळाची निवड

आखूड दांडीचा, जाड तारेचा, जिगिंगसाठीच बनवलेला गळ घ्या. शंभर ते दोनशे ग्रॅमच्या जिगला ५/० ते ७/० मापाचा, दोनशे ते तीनशेला ७/० ते ९/०, त्यावर ९/० ते ११/०. पण हे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून नंबरापेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवा. गळाचं टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर जिगच्या अंगाच्या रुंदीपेक्षा ठळकपणे जास्त हवं, साधारण दीडपट. ते जिगच्या रुंदीइतकंच असेल तर गळ जिगच्या अंगावरच घट्ट चढून बसतो, मग मासा चावला तरी टोक त्याच्या तोंडाला लागत नाही.

बारीक तारेचा गळ पटकन रुततो, पण ड्रॅग (मासा ज्या ताणाला रीळावरून दोरी ओढून नेऊ लागतो तो ताण) दहा किलोच्या पुढे नेणार असाल तर तो सरळ होईल. ड्रॅग किती लावणार हे आधी ठरवा आणि त्याप्रमाणे गळ घ्या.

तारेचा असिस्ट बांधताना

आपण वीस सेंटिमीटरची जिग धरून चालू. लागेल ते असं: एकोणपन्नास पदरी तार, तिच्या जाडीला बसणाऱ्या दुहेरी नळीच्या तांब्याच्या आखूड क्रिंप स्लीव्ह, गळ, सॉलिड रिंग, उष्णतेने आवळणारी नळी, तारेसाठीची कात्री आणि क्रिंपिंगची पक्कड. या पक्कडीत कंजूषी करू नका. साध्या पक्कडीने दाबलेली स्लीव्ह चपटी होते, बाहेरून बंद दिसते आणि जोर आला की तार तिच्यातून सरकते. क्रिंपिंगच्या पक्कडीला दोन्ही जबड्यांत खोबण असते आणि ती स्लीव्हला दोन्ही बाजूंनी सारखं आवळते. ॲल्युमिनियमच्या स्लीव्ह नायलॉनसाठी ठीक आहेत, पण तारेसाठी तांब्याच्याच घ्या.

पहिल्यांदा तारेचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा एका घावात कापा. दोनदा चावत कापलं की पदर पिसकटतात आणि स्लीव्हमध्ये जात नाहीत.

तारेवर आधी आवळनळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा चढवा, मग स्लीव्ह. नळी आधी घालायची हे नवे लोक हमखास विसरतात, आणि दोन्ही टोकं बंद झाल्यावर ती घालायला वाव उरत नाही. आता तार गळाच्या नेढ्यातून पलीकडे काढा, पुन्हा एकदा त्याच नेढ्यातून फिरवा आणि टोक स्लीव्हच्या दुसऱ्या नळीत घाला. नेढ्याभोवतीच्या या दुहेरी वेढ्याने घासणं दोन वेढ्यांवर वाटलं जातं. नेढं अरुंद असेल तर एकच वेढा चालेल.

वेढा ओढून लहान करा, पण आवळून टाकू नका. गळ त्यात सहज डोलला पाहिजे. टोक स्लीव्हच्या दुसऱ्या बाजूने जेमतेम बाहेर दिसेल इतकंच ठेवा. मग स्लीव्ह पक्कडीच्या बरोबर खोबणीत धरून दाबा. स्लीव्हचं पूर्ण अंग दाबायचं नाही, दोन्ही टोकांना सुमारे एक मिलिमीटर तसंच सोडायचं. ते टोक किंचित फुललेलं राहिलं की तार त्या कडेवर घासत नाही. टोकापर्यंत दाबलेल्या स्लीव्हची धार तारेला आतून कापते, आणि तार बरोबर स्लीव्हच्या तोंडाशी तुटते. मासा गेला की सगळे दातांना दोष देतात, पण तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तर बऱ्याचदा दोष क्रिंपचा निघतो.

आता दुसरं टोक. इथे थांबून लांबी ठरवा, कारण सगळ्या कामाचं मर्म या लांबीत आहे. सॉलिड रिंग जिगच्या डोक्याशी धरा, गळ जिगच्या अंगालगत लटकवा. गळाची वळणाची बाजू जिगच्या वरच्या अर्ध्या भागातच राहिली पाहिजे. वीस सेंटिमीटरच्या जिगला रिंगपासून नेढ्यापर्यंत चार ते पाच सेंटिमीटर तार बहुतेक वेळा बरोबर पडते. जास्त लांब ठेवली तर गळ वर उसळून लीडरला अडकतो किंवा जिगभोवती गुंडाळतो. फार आखूड ठेवली तर गळ रिंगपाशी ताठ उभा राहतो आणि माशाच्या तोंडात वळत नाही.

लांबी पटली की दुसरी आवळनळी आणि स्लीव्ह चढवा, तार सॉलिड रिंगमधून फिरवून स्लीव्हमध्ये घाला आणि तसंच दाबा. जास्तीची तार स्लीव्हला अगदी चिकटून कापा. बोट फिरवून बघा, काही टोचत असेल तर कानशीने घासा. शेवटी आवळनळ्या स्लीव्हवर सरकवून गरम हवेने आवळा. यामुळे टोचणारी टोकं झाकली जातात आणि तांब्याची चकाकीही लपते. वाहू आणि सुरमई चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर तोंड टाकतात, म्हणून रिंग, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), स्लीव्ह जितकं काळं किंवा मळकट असेल तितकं चांगलं.

उघडी तार डोळ्यांत खुपत असेल, तर दुसरी बाजू बंद करण्याआधी तिच्यावर पोकळ विणीची दोरी मोज्यासारखी चढवा आणि तिची टोकं आवळनळीखाली दाबून टाका. तार थोडी मऊ पडते, कमी वाजते आणि जिगचा रंगही कमी खरवडते. पण ताकद तारेचीच असते, हे विसरायचं नाही.

ताण देऊन बघणं

बांधलेला प्रत्येक असिस्ट पाण्यात जाण्याआधी ओढून बघा. गळ भक्कम कड्यात अडकवा, रिंगमध्ये दांडा घाला, हातमोजे आणि चष्मा घालून ओढा. झटका देऊ नका, सावकाश जोर वाढवा. सामानाचा काटा असेल तर ड्रॅगच्या दुप्पट ताणापर्यंत न्या. मग स्लीव्हच्या कडेशी तारेवर नखाने खूण करून पुन्हा ओढा. खूण स्लीव्हपासून दूर गेली असेल तर तार सरकते आहे, तो असिस्ट मोडून टाका. चष्म्याबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही, कारण सुटलेला गळ कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

डॉगटूथसाठी दोरीचा असिस्ट

इथे दोन धागे चालतात. केव्हलार म्हणजे अरामिड, ते उष्णतेला आणि घासण्याला चांगलं टिकतं, पण पाणी शोषतं आणि उन्हाने कमजोर होतं. डायनीमा किंवा पीई (पॉलिइथिलीन) हे पाणी शोषत नाही, फार मजबूत असतं, पण सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आत वितळतं. म्हणून पीई दोरीवर आवळनळी बसवताना लायटरची ज्योत जवळ नेऊ नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले धागे गेलेले असतात. गरम हवेचं यंत्र लांबून फिरवा, तेवढ्याने काम होतं.

दोरी पोकळ विणीची आणि १०० ते २०० किलो ताकदीची घ्या. आत जाड नायलॉनचा छोटा तुकडा घातला की दोरीला ताठपणा येतो आणि गळ जिगला चिकटत नाही. दोरी मधोमध दुमडा, दुमडलेला फासा सॉलिड रिंगमध्ये घाला आणि दोन्ही टोकं त्या फाशातून काढून ओढा. आता दोन्ही टोकं गळाच्या नेढ्यातून, टोकाच्या बाजूने आत घालून मागे काढा आणि दांडीवर सपाट झोपवा. त्यावर मजबूत धाग्याने नेढ्यापासून वळणाकडे घट्ट, एकमेकांना लागून वेढे घ्या, परत वर या, पुन्हा खाली जा. गाठ मारून वेढ्यांवर गोंदाचे दोन थेंब सोडा. गोंद मोकळ्या दोरीवर पसरू देऊ नका, तिथे दोरी कडक होते आणि नेमकी त्या जागी मोडते. वर आवळनळी.

दोरी बरोबर बाजूने घातली आहे की नाही हे ओढूनच कळतं. दोरी ओढली की गळाचं टोक बाहेरच्या बाजूला वळलं पाहिजे. ते आत वळत असेल तर सोडून पुन्हा बांधा.

शेपटीचा गळ

सुरमई आणि वाहूसाठी मागेही एक गळ ठेवा, तोही तारेवरच. दोन-तीन सेंटिमीटरची तार पुरते, शेपटीच्या स्प्लिट रिंगमध्ये अडकवा. इथे एकच गळ, आणि समोरच्यापेक्षा एक नंबर लहान. पुढचा आणि मागचा गळ पूर्ण ताणून एकमेकांकडे आणून बघा, मधे किमान दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. नाहीतर ते एकमेकांत अडकतील आणि जिग वाकडी होऊन वर येईल.

मागच्या गळाने जिगचं डुलणं थोडं कमी होतं आणि तळाशी अडकण्याची शक्यता वाढते. सुरमई बहुतेक वेळा मधल्या पाण्यात वेगाने ओढलेल्या जिगवर येते, तिथे याचा तोटा जाणवत नाही. तळाच्या खडकांवर जिगिंग करताना मात्र तो काढून टाका.

डोक्याशी एक गळ की दोन, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. दातेरी माशांसाठी मी एकाच्या बाजूने आहे. मासा बोटीजवळ आल्यावर डोकं झटकतो, तेव्हा मोकळा राहिलेला दुसरा गळ हवेत फिरतो आणि लीडर धरलेल्या हाताकडे येतो. मासा सोडून द्यायचा असेल तर दुसऱ्या गळाने त्याचा डोळा किंवा कल्ला फाटू शकतो, तेही आहेच.

लीडरचं काय

असिस्ट तारेचा केला तरी लीडर अजून उघडा असतो. जिग पूर्ण गिळली किंवा मासा वळताना लीडर तोंडात आला, तर तो कापला जातो. सुरुवातीला जाड फ्लुरोकार्बनचा दोरा, ४५ ते ६० किलोचा, वापरून बघा. तरीही लीडर तुटत असेल तर जिगच्या आधी वीस-पंचवीस सेंटिमीटर एकेरी तार घाला, ७ ते ९ नंबरची. तिच्या टोकांना क्रिंप लागत नाही. दोन्ही पदर सारख्या कोनात धरून एकमेकांभोवती चार-पाच पीळ द्या, दोन्ही पदर सारखेच फिरले पाहिजेत. एकच पदर दुसऱ्याभोवती गुंडाळला तर ताण आल्यावर सुटतो. मग मोकळं टोक आडवं करून चार-पाच घट्ट वेढे घ्या. उरलेली तार कापू नका, तिला हँडलसारखं वाकवून फिरवत राहा, ती वेढ्याच्या मुळाशी आपोआप तुटते आणि टोचणारं टोक उरत नाही.

तारेमुळे जिगची हालचाल थोडी बदलते आणि स्वच्छ पाण्यात चावेही कमी होतात. म्हणून ती गरजेपुरती आणि आखूडच ठेवा.

मासा लागल्यानंतर

प्रत्येक माशानंतर असिस्ट हातात घ्या. तारेवर नख फिरवा, कुठे पदर तुटला असेल तर बदला. दोरीवर लव उठलेली दिसली तर तीही बदला. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवा, घसरलं तर कानशीने धार द्या. बांधून ठेवलेले असिस्ट सोबत असले की बदलायला मिनिट लागतं, म्हणून घरीच काही संच तयार करून फोमच्या तुकड्यात खोचून ठेवा.

गळ काढायला लांब पक्कड वापरा, बोटं नकोत. बोटीवर पडलेला वाहू किंवा बॅराकुडा शांत वाटला तरी जबडा एकदम मिटतो. माशाचं डोकं ओल्या कापडाने झाकलं की तो कमी तडफडतो. तार हाताभोवती कधीही गुंडाळू नका, मासा पुन्हा धावला तर ती मांसात शिरते. सोडून द्यायची सवय असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. ताण सैल पडू दिला नाही तर मासा सहसा सुटत नाही, आणि स्वतःच्या हातात गेलेला गळही सहज निघतो.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. गळ कार्बन स्टीलचा, तार स्टेनलेसची, स्लीव्ह तांब्याची. हे तीन धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले की गंज लवकर धरतो, आणि तो आवळनळीच्या आत, नजरेआड सुरू होतो. नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसला की असिस्ट कापून टाका, गळ चांगला असेल तर नव्या तारेवर चढवा.